वाचकांचे प्रश्न : तंबूतलं नेटवर्क

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लष्कराच्या आयटी विभागात, शक्यतो फील्डवरच्या नेटवर्कवर काम करायची इच्छा आहे. ऑफिसातल्या नेटवर्कपेक्षा तिथे वेगळं काय असतं? आत्तापासून काय शिकू?

उत्तर : ऑफिसात नेटवर्क चालूच राहणार असं धरून सगळे कामाला बसतात. फील्डवर ते तुटणार असं धरूनच उभं करावं लागतं. माझी सगळी नोकरी सिग्नलमध्ये, म्हणजे लष्कराच्या दळणवळण शाखेत झाली आणि हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या पोराला मी आधी हेच सांगितलं. राउटर कॉन्फिगर करणं तुम्हाला येईलच. जीव काढतात त्या वीज, केबल आणि वेळ या तीन गोष्टी.

विजेचंच बघा. जनरेटरचं व्होल्टेज वरखाली होतं, डिझेल भरताना तो बंद करावा लागतो, आणि तेवढ्या वेळात यूपीएसने दम सोडला तर सर्व्हर आडवा. त्याआधी अर्थिंग. कोरड्या मुरमाड जमिनीत रॉड ठोकायचा, भोवती मिठाचं पाणी ओतायचं आणि मीटर लावून रीडिंग घ्यायचं. हा कंटाळवाणा भाग कुणी उरकून टाकला तर मला अजूनही राग येतो, कारण मास्टवर, म्हणजे अँटेनाच्या उंच खांबावर वीज पडली की उपकरणांबरोबर माणूसही जाऊ शकतो.

केबलचं तसंच. तांब्याची इथरनेट केबल 100 मीटरपर्यंतच भरवशाची, त्यापुढे फायबर, म्हणजे प्रकाशाने डेटा नेणारी काचेच्या तंतूची केबल. गाड्यांची वाट आडवी आली की केबल पुरायची नाहीतर खांबावरून न्यायची. दोन्ही टोकांना थोडी ढील आणि लेबल ठेवायचं. फायबरच्या टोकावरची टोपी काढली की ते पुसल्याशिवाय जोडायचं नाही. धुळीचा एक कण लिंक पाडतो, आणि वरून सगळं ठीकठाक दिसतं.

आता वेळ. फ्रीक्वेन्सी हॉपिंग करणारे रेडिओ सेकंदात अनेक वेळा फ्रीक्वेन्सी बदलतात. दोन्ही टोकांची घड्याळं जुळलेली नसतील तर ते एकमेकांना सापडतच नाहीत. रात्री लिंक पडली की नवी मुलं आधी लॅपटॉप उघडून सेटिंग बदलायला लागतात. जुना हवालदार टॉर्च घेऊन उठतो. पॉवरचा दिवा बघतो, केबल हलवून बघतो, घड्याळ ताडून पाहतो, आणि एवढं झाल्यावरच कीबोर्डला हात लावतो. बहुतेक वेळा तिथवर जायची पाळीच येत नाही.

उपग्रह आहे ना, मग अडचण काय, असं अनेकांना वाटतं. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर असतो. सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, म्हणजे विचारून उत्तर मिळायला अर्धा सेकंद. जे सॉफ्टवेअर एक पान दाखवायला एकामागून एक वीस वेळा सर्व्हरला विचारतं, ते इथे दहा सेकंद खातं. म्हणून फील्डवर डेटा शक्यतो जवळच्या सर्व्हरवर ठेवतात, आणि नकाशाचं चित्र जाईना तिथे चार ओळींचा मजकूर पाठवतात. उपग्रहही गेला तर मायक्रोवेव्ह किंवा साधा रेडिओ, तोही गेला तर एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याचा शॉर्टवेव्ह रेडिओ, आणि शेवटी कागद घेऊन धावणारा जवान. हा क्रम आधी ठरलेला असतो आणि त्याचा सराव होतो. एचएफवर दिवसा वरची फ्रीक्वेन्सी चालते, रात्री खालची धरावी लागते. वेग फार कमी, पण लहर आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परतून डोंगरापलीकडे पोहोचते.

तुम्ही शिकता त्या टीसीपी-आयपीमागेही, म्हणजे इंटरनेट ज्या नियमांवर चालतं त्यांच्यामागेही हीच गरज होती. 22 नोव्हेंबर 1977 रोजी अमेरिकी संरक्षण खात्याच्या खर्चाने एक प्रयोग झाला. कॅलिफोर्नियात रस्त्यावर धावणाऱ्या व्हॅनमधून निघालेली पॅकेट्स, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, रेडिओ, आर्पानेट (इंटरनेटचं पूर्वरूप) आणि उपग्रह अशा तीन वेगळ्या जाळ्यांतून गेली. चालत्या गाडीला नेटवर्कात घ्यायचं हे तेव्हापासूनचं उद्दिष्ट.

शिकायचं म्हणाल तर लिनक्स पक्कं करा, सबनेटिंग (नेटवर्कचे छोटे भाग पाडणं) कागदावर करा, वायरशार्क या सॉफ्टवेअरमध्ये पॅकेट वाचायची सवय लावा. हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स काढलंत तर अँटेना हाताने बांधून बघता येईल, आणि ती समज कुठल्याही सर्टिफिकेटने येत नाही. शिवाय लॉग नीट लिहायला शिका. शिफ्ट बदलल्यावर पुढच्याला तोच आधार असतो.

प्रश्न : माझा मुलगा लष्करात अशाच विभागात आहे. कुठे आहे ते फोनवर सांगत नाही. कॉम्प्युटरवर बसणाऱ्याला एवढी गुप्तता कशाला?

उत्तर : ताई, त्याचं बरोबर आहे. जिथे नेटवर्कची माणसं आणि अँटेना असतात तिथे बहुधा मुख्यालय असतं, आणि रेडिओने सिग्नल सोडला की त्याची दिशा शोधता येते. म्हणून अँटेना मुख्यालयापासून लांब लावतात आणि गरजेपुरतीच पॉवर वापरतात. फोन हासुद्धा रेडिओच. स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपने 2017 मध्ये लोकांच्या धावण्याचे मार्ग जगाच्या नकाशावर दाखवले आणि जानेवारी 2018 मध्ये लक्षात आलं की त्यात ओसाड भागांतले लष्करी तळही उमटले आहेत. धावणाऱ्या सैनिकांनी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं.

त्याचा फोन आला की घरचं सगळं सांगा, जेवणखाण, तब्येत विचारा. जागा आणि परतीची तारीख विचारू नका. त्याने फोटो पाठवला तर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. मागे दिसणारा डोंगर किंवा मास्ट ओळखणारी माणसं असतात.