व्हिटॅमिन ई चा प्रकाशसंश्लेषणात नक्की काय रोल असतो? कॅप्सूल झाडाला दिली तर फायदा होतो का?

कॅप्सूलचं आधी सांगतो, देऊ नका. मी हा उद्योग करून बसलोय. कोथरूडला आमच्या गॅलरीत मनीप्लांट आहे, कुठलातरी व्हिडिओ बघून कॅप्सूल पिनने फोडली आणि पानांना चोळली, दोन दिवस पानं मस्त चकाकली आणि मग रस्त्यावरची सगळी धूळ येऊन चिकटली. शेवटी आईने ओल्या फडक्याने एकेक पान पुसलं, पुसताना जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आता तुमचा प्रश्न. साखर बनवण्यात व्हिटॅमिन ई चा थेट हात नसतो, प्रकाश पकडायचं काम क्लोरोफिलचं, हे तिथे राखणीला असतं. पानाच्या पेशीत जिथे प्रकाशसंश्लेषण चालतं त्या क्लोरोप्लास्टच्या आत थायलाकॉइडचे पापुद्रे असतात आणि त्यांत फॅट्स असतात. झेपेल त्यापेक्षा जास्त ऊन पडलं की जादाची ऊर्जा ऑक्सिजनला मिळते आणि सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचंच चवताळलेलं रूप, तयार होतो, हा महा उपद्व्यापी, फोटोसिस्टीम २ मधल्या (म्हणजे त्याच पापुद्र्यातल्या प्रकाश वापरणाऱ्या यंत्रणेतल्या) डी१ प्रोटीनची वाट लावतो आणि फॅट्सही नासवतो. डब्यातले जुने शेंगदाणे खवट लागतात ना, केमिस्ट्री साधारण तीच, पान आतून खवट व्हायला लागतं म्हणा. पानातलं मुख्य व्हिटॅमिन ई म्हणजे अल्फा-टोकोफेरॉल, ते त्या पापुद्र्यातच बसलेलं असतं, सिंगलेट ऑक्सिजनला थंड करतं आणि खवटपणा पसरायच्या आत रोखतं. यात ते स्वतः खर्ची पडलं तर व्हिटॅमिन सी त्याला परत उभं करतं.

गंमत अशी की अरॅबिडॉप्सिस नावाची मोहरीच्या कुळातली एक बारकी वनस्पती आहे, तिचे टोकोफेरॉल अजिबात न बनवणारे म्यूटंट (जनुकात बदल झालेली रोपं) नेहमीच्या उजेडात जवळपास नॉर्मल वाढतात कारण कॅरोटिनॉइड्स (पानातली पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं) बाजू सांभाळून घेतात, पण थंडीत ठेवले की पानातली साखर बाहेरच जात नाही, तिथेच तुंबते. मक्यातही असा एक म्यूटंट आहे. म्हणजे नुसती उन्हाची छत्री एवढंच त्याचं काम नाही.

आणि मुळात झाड हे स्वतःच बनवतं हो, आपल्यालाच ते झाडांकडून घ्यावं लागतं. ऊन वाढलं की बरीच झाडं प्रमाणही वाढवतात, फक्त त्यांना वेळ द्या. सावलीतली कुंडी एप्रिलमध्ये एकदम पश्चिमेच्या गॅलरीत ठेवली तर पानं पांढरी पडणारच, आधी आठ-दहा दिवस सकाळचं कोवळं ऊन दाखवा, नाहीतर सरळ ग्रीन नेट लावा.