सोंगट्यांच्या चाली येतात. बुद्धिबळ पुढे कसे शिकावे?

आपण लिहिले आहे की सात वर्षांच्या मुलीबरोबर खेळता यावे म्हणून वयाच्या चौतिसाव्या वर्षी आपण बुद्धिबळ शिकायला घेतले. चाली येतात, पण इटालियन, लंडन, सिसिलियन अशा ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळ्यांचे, व्हिडिओ पाहून डोके गरगरते. तेव्हा आधी कोणते ओपनिंग पाठ करावे आणि कोणते ॲप घ्यावे? माझे उत्तर असे आहे की सध्या एकही ओपनिंग पाठ करू नये. सगळ्या सोंगट्या डब्यात टाकाव्यात, त्यांतून दोन राजे आणि एक वजीर एवढेच बाहेर काढावेत आणि मात करून दाखवावी. ती न अडखळता जमेपर्यंत व्हिडिओ बंद ठेवावेत. हे मी इतक्या ठामपणे सांगतो आहे, त्यामागे एक घरगुती कारण आहे.

मला बुद्धिबळ माझ्या काकांनी शिकवले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मिरजेच्या घरी दुपारची जेवणे आटोपली की ते माजघरात पट मांडत. ते खरोखर चांगले खेळत. कोणती सोंगटी किती जणांच्या माऱ्यात आहे आणि तिला किती जणांचा जोर आहे, हे त्यांना बोटे न मोजता दिसत असे. मात्र त्यांची एक सवय होती. कुणाचा वजीर पडला किंवा एखादा हत्ती फुकट गेला, की ते दोन्ही हातांनी सोंगट्या गोळा करत आणि म्हणत, "संपला डाव. लाव परत." पुढे खेळू या, असे मी म्हटले, तर त्यांचे उत्तर ठरलेले असे : "पुढं काय, नुसतं गवत कापायचं. ते कुणालाही येतं." चार-पाच सुट्ट्यांत आम्ही शेकडो डाव खेळलो असू, आणि त्यांपैकी मातेपर्यंत पोहोचलेले डाव एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते.

१९८७ साली, तेरा वर्षांचा असताना, मी सांगलीतल्या एका शालेय स्पर्धेत उतरलो. भाऊसाहेब पडसलगीकरांनी ज्या गावात खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या, त्या गावात आपण खेळतो आहोत याचे मला दडपण होते. पण चौथ्या फेरीत समोर दोन वेण्या घातलेली, नऊ-दहा वर्षांची मुलगी आली, तेव्हा ते निघून गेले. विसाव्या खेळीच्या आसपास मी तिचा वजीर घेतला आणि माझा हात सवयीने सोंगट्या गोळा करायला पुढे गेला. ती मुलगी मात्र शांतपणे पुढची खेळी करून घड्याळाचे बटण दाबून मोकळी झाली होती. हळूहळू तिची सगळी प्यादी संपली, तिच्याकडे एकटा राजा उरला, माझ्याकडे राजा आणि वजीर; आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की यापुढे काय करायचे हे मला कुणी शिकवलेलेच नाही. मी शह देत सुटलो. राजा पटभर फिरला. माझा स्वतःचा राजा दुसऱ्या टोकाला तसाच उभा होता, कारण राजालाही कामाला लावायचे असते हे मला ठाऊक नव्हते. शेवटी तिचा राजा कोपऱ्यात शिरला, मी वजीर त्याच्या जवळ नेऊन ठेवला आणि "मात" म्हणून हात पुढे केला. ती पटाकडे थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "दादा, पण शह कुठाय?" पंच आले. राजाला शह नव्हता आणि त्याला हलायला एकही घर नव्हते. म्हणजे स्टेलमेट, म्हणजे बरोबरी, म्हणजे अर्धा गुण. घरी आल्यावर काका म्हणाले, "त्यात काय, तू जिंकलाच होतास की." या एका वाक्यावर आम्ही पुढची जवळजवळ चाळीस वर्षे भांडत आहोत.

ज्या स्थितीने माझा घात केला, तीच स्थिती शिकण्यासारखी आहे. वजीर प्रतिस्पर्ध्याच्या राजापासून घोड्याच्या उडीच्या अंतरावर ठेवायचा आणि शह न देता, राजा जिकडे सरकेल तिकडे वजीर त्याच अंतराने सरकवत राहायचे. राजाची जागा आपोआप आवळत जाते आणि तो कडेला लागतो. मात्र राजा कोपऱ्यात शिरला की वजिराने त्याच क्षणी थांबायचे, कारण कोपऱ्यातल्या राजापासून घोड्याच्या उडीवर वजीर ठेवला आणि प्रतिस्पर्ध्याकडे दुसरी सोंगटी नसली, तर ते स्टेलमेटच असते. मी नेमके तेच केले होते. वजीर आहे तिथेच ठेवून राजाला कोपरा आणि त्याशेजारचे घर अशी दोन घरे मोकळी ठेवायची, आणि तो तिथे घुटमळत असताना आपला राजा चालत आणायचा. वजीर आणि राजा असताना कोणत्याही स्थितीतून जास्तीत जास्त दहा खेळ्यांत मात होते. वजिराऐवजी हत्ती असेल, तर जास्तीत जास्त सोळा. मला त्या दिवशी तिसाहून अधिक खेळ्या मिळाल्या होत्या.

त्यानंतर राजा आणि एक प्यादे विरुद्ध एकटा राजा, हा धडा घ्यावा. दोन राजे समोरासमोर, मध्ये एकच घर, अशी स्थिती आली की ज्याच्यावर चाल असते तो अडचणीत सापडतो, कारण त्याला वाट सोडावी लागते. याला अपोझिशन म्हणतात. आपला राजा प्याद्याच्या पुढे राहून आपल्या बाजूने सहाव्या ओळीत पोहोचला, तर चाल कुणाचीही असो, प्याद्याचा वजीर होतोच. अपवाद फक्त कडेच्या प्याद्याचा; तिथे समोरचा राजा कोपरा धरून बसला की बरोबरी होते. हे समजायला एक संध्याकाळ पुरते, आणि समजल्यावर मधल्या खेळात कोणत्या सोंगट्या मारामारीत उतरवाव्यात, म्हणजे एकास एक मारून पटावरून काढाव्यात, आणि कोणत्या राखाव्यात, याचे उत्तर पहिल्यांदा सापडू लागते. शेवट कसा होणार हे ज्याला दिसत नाही, त्याने मारामारी कशाच्या भरवशावर करायची?

कुणी म्हणेल, हे बाळबोध आहे. पण १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा, शेवटचा डाव होता. गुकेशकडे एक प्यादे जास्त होते, पण तेव्हाचे जगज्जेते, चीनचे डिंग लिरेन बरोबरी सहज राखतील अशीच सगळ्यांची समजूत होती. मी तो डाव काकांना फोनवर दाखवत होतो आणि काका सवयीप्रमाणे म्हणाले, "बरोबरी आहे ही. लावा परत." गुकेशने मात्र डाव गुंडाळला नाही. ५५व्या खेळीला डिंग यांनी हत्ती नको त्या घरात नेला; आधी हत्ती, मग उंट मारामारीत उतरले आणि फक्त राजे आणि प्यादी उरली. ५८व्या खेळीला गुकेशने आपला राजा डिंग यांच्या राजासमोर, मध्ये एक घर सोडून, आणून ठेवला आणि डिंग यांनी हार मान्य केली. अठराव्या वर्षी जगज्जेता झालेल्या मुलाची त्या लढतीतली शेवटची खेळी म्हणजे वर सांगितलेले अपोझिशन होते. काकांचे मत असे की डिंग यांनी चूक केली म्हणून तो जिंकला. समोरच्याला चूक करायची संधी मिळावी म्हणूनच डाव पुढे खेळायचा असतो, हे माझे म्हणणे त्यांना आजही पटलेले नाही.

आपणही घरातच शिकला असाल, तर नियम एकदा ताडून पाहावेत. आमच्याकडे पहिल्याच खेळीत दोन प्यादी एकेक घर पुढे सरकवत. शेवटच्या ओळीत गेलेल्या प्याद्याला फक्त मेलेली सोंगटी परत मिळे, त्यामुळे वजीर जिवंत असेल तर दुसरा वजीर नाही. आणि राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा होती. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांत यांतले काहीही चालत नाही. पटावर दोनच काय, तीन वजीरही असू शकतात. दुसरा वजीर हाताशी नसला म्हणून घरी आपण हत्ती उलटा ठेवतो, पण स्पर्धेत उलटा ठेवलेला हत्ती हत्तीच धरला जातो. २०१७ साली कॅनडाच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या निर्णायक डावात एका खेळाडूने त्यापायी विजेतेपद गमावले. काकांना न्याय द्यायचा, तर त्यांचे नियम चुकीचे नव्हते. ती देशी खेळाची जुनी रीत होती आणि ती प्रांतोप्रांती वेगळी असे. मीर सुलतान खान अशाच देशी नियमांवर वाढले आणि तरी त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, हा काकांचा हुकमी एक्का आहे. मात्र सुलतान खान यांची ओपनिंगची बाजू कच्ची होती आणि त्यांचा शेवटाचा खेळ जगात वाखाणला जात असे, हे काका सोयीस्करपणे विसरतात.

एक गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. नवशिक्यांचे बहुतेक डाव शेवटापर्यंत पोहोचतच नाहीत, कारण वाटेत घोडा किंवा वजीर फुकट दिलेला असतो. त्यामुळे रोज दहा-पंधरा सोपी कोडी सोडवणे आणि प्रत्येक खेळीआधी समोरचा काय मारू शकतो हे पाहणे आवश्यकच आहे. ओपनिंगपुरते सांगायचे, तर मधली घरे धरावीत, घोडे आणि उंट लवकर बाहेर काढावेत, कॅसलिंग करून (राजा दोन घरे बाजूला आणि हत्ती त्याच्या पलीकडे, अशी एकत्र चाल) राजा सुरक्षित करावा आणि वजीर व उंट मिळून जी चार खेळ्यांची मात देतात ती ओळखायला शिकावी. इतके पहिल्या वर्षाला पुरते. ॲपचे म्हणाल, तर लिचेस पूर्णपणे विनामूल्य आहे. मुलीबरोबर मात्र खऱ्या पटावर खेळावे, आणि तिचा वजीर पडला म्हणून डाव गुंडाळू नये. तिला मात खाऊ द्यावी आणि करूही द्यावी.

काका आता चौऱ्यांशी वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्याशी खेळताना माझा एक हत्ती वरचढ झाला आणि बाकीच्या सोंगट्या उतरल्या. त्यांचा हात पटाकडे आला, तसा मी म्हणालो, "थांबा काका, मला मात करायची आहे." ते कधी नव्हे ते थांबले, भिंतीला टेकून बसले आणि मात होईपर्यंत एकही शब्द बोलले नाहीत. मग सोंगट्या डब्यात भरता भरता म्हणाले, "सोळात होते म्हणून सांगत असतोस ना? तुला एकवीस लागल्या."