तबला, कॉलेज आणि संध्याकाळची शिफ्ट
कॉलेज आणि संध्याकाळची शिफ्ट सांभाळून तबला शिकणं जमेल का, विचारलंस ना? अरे, जमेल तुला. मीही दुकानातली नोकरी सांभाळतच शिकलो.

सध्या फक्त त्रितालाचा ठेका, म्हणजे त्या तालाचे ठरलेले मूळ बोल (धा, धिं अशी अक्षरं), धर. 16 मात्रा (तालाचे ठोके), 1, 5, 13 वर टाळी आणि 9 वर खाली, म्हणजे टाळी न देता हात उघडा. शिफ्टच्या दिवशी तबल्याला हात लागणार नाही, तेव्हा बसमध्ये बोटांवर मात्रा मोजत बोल म्हण. ही पढंत वाया जात नाही. माझा अर्धा ठेका बसमध्येच पक्का झाला.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- लय वाढवायची घाई. तबल्याच्या किनारीवरचा (कडेवरचा) 'ना' हा बोल स्वच्छ वाजेपर्यंत विलंबितच, म्हणजे संथ लयच बरी.
- रविवारी सलग तीन तास बसणं. त्यापेक्षा रोज वीस मिनिटं, परीक्षेतसुद्धा.
- पहिल्याच पगारात महागडी जोडी. गुरुजींना विचारून जुनी घे.

कायदे, रेले या तबल्याच्या पुढच्या रचना नंतर बघू. आणि रात्री रूमवर वाजवू नकोस, घरमालक क्वचितच रसिक असतात!