केरेन-हप्पूख : शिंगाचा आणि काजळाचा काय संबंध?

प्रश्न असा आहे : बायबलमधल्या ईयोबाच्या (सगळं गमावून शेवटी ते परत मिळवणारा सज्जन माणूस, त्याच्याच नावाच्या ग्रंथाचा नायक) तिसऱ्या मुलीचं नाव केरेन-हप्पूख. त्याचा अर्थ 'काजळाचं शिंग' असा कुठेतरी वाचला. शिंगाचा आणि काजळाचा संबंध काय, आणि पोटच्या पोरीला कुणी असलं नाव ठेवील का?

आधी नाव सुटं करू. 'केरेन' म्हणजे शिंग. 'ह' हे हिब्रूतलं निश्चितता दाखवणारं उपपद. ते लागलं की पुढचं व्यंजन सहसा दुप्पट होतं, म्हणून 'पूख'चं 'हप्पूख' झालं. शेवटचा ख आपल्या 'खडू'तला नाही, घशातून घासत येणारा, उर्दूतल्या 'ख़ुदा'सारखा. देवनागरीत कुणी 'हप्पूक' लिहिलं म्हणून भांडायचं कारण नाही.

आता शिंग. इथे ते डोक्यावरचं नाही, पोकळ करून भांडं केलेलं. बायबलमध्ये शमुवेल संदेष्टा दाविदाला राजा म्हणून अभिषेक करतो तो तेलाच्या शिंगातूनच. तेव्हा केरेन-हप्पूख म्हणजे डोळ्यांत घालायची पूड ठेवायचं शिंग. आपल्याकडे कुंकवाचा करंडा असतो तशातली वस्तू. एवढ्यावर निम्मा प्रश्न सुटतो.

'काजळ' या भाषांतराला मात्र माझी हरकत आहे. आमची आजी काजळ धरायची ते मी शेजारी बसून पाहिलं आहे. तुपाचा दिवा, त्यावर पालथं घातलेलं तांब्याचं ताम्हण, रात्रभरात धरलेली मखमली काजळी, सकाळी ती बोटानं निपटून लोण्यात खलायची. काजळ म्हणजे दिव्याची काजळी. पूख ही खनिजाची पूड, म्हणजे आपला सुरमा. पाचव्या शतकाच्या आसपास जेरोम या ख्रिस्ती पंडितानं बायबलच्या लॅटिन भाषांतरात हे नाव चक्क 'कॉर्नू स्तिबिई', म्हणजे अँटिमनीचं शिंग, असं उतरवलं. अँटिमनीची Sb ही रासायनिक खूण त्याच 'स्तिबिउम'ची. (खूण रोमन लिपीत लिहावी लागली, देवनागरीत 'एस-बी' म्हणा.) प्रत्यक्षात प्राचीन इजिप्तमधल्या सुरम्यात बहुतेक वेळा शिशाचं खनिज असे, पण दगड कुटून केलेली पूड हे खरंच. म्हणून मराठीत म्हणायचंच तर 'सुरमादाणी'.

जाता जाता एक सापळा दाखवून ठेवतो. डोळे रंगवणे या अर्थी हिब्रूत 'काहल' असं क्रियापद आहे, बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या 23व्या अध्यायात ते येतं. अरबी 'कुह्ल' त्याचंच भावंड, आणि 'अल्कोहोल' हा शब्द त्या 'अल-कुह्ल'मधून निघाला. हे ऐकलं की कुणीतरी उत्साहानं म्हणतं, मग आपलं काजळही तिथलंच! नाही. काजळ संस्कृत 'कज्जल'वरून आलं. आवाज जुळतात, कुळ नाही.

खरी गंमत पुढे आहे. 'पूख' शब्द बायबलमध्ये मोजक्याच ठिकाणी येतो आणि डोळ्यांच्या संदर्भात आला की त्याचा सूर बरा नसतो. राणी ईजबेल मरणाच्या दिवशी डोळ्यांत पूख घालते, केस सजवते, खिडकीतून खाली पाहते, आणि त्याच खिडकीतून तिला खाली फेकतात (2 राजे 9). यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात (4:30) नटव्या नगरीला टोमणा आहे : पूख घालून डोळे मोठे केलेस तरी उपयोग नाही. अशा बदनाम शब्दावरून लेकीचं नाव ठेवणारा मात्र ग्रंथातला सर्वांत सज्जन माणूस! इसवीसनापूर्वीच्या ग्रीक भाषांतरकारांनी सुरमा गाळूनच टाकला. त्यांनी लिहिलं 'अमाल्थेयाचं शिंग', म्हणजे झ्यूसला दूध पाजणाऱ्या शेळीचं, कधीही रितं न होणारं शिंग. भाषांतर म्हणून सुंदर, पण मुलीच्या डोळ्यांतला सुरमा पुसला तो पुसलाच.

मग ईयोबानं हे का निवडलं? माझं उत्तर ईयोबाच्या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात आहे. सगळं गमावून, राखेत बसून, खापरीनं अंग खाजवणारा ईयोब तिथे म्हणतो की मी माझं शिंग धुळीत खुपसलं आहे, रडून रडून तोंड लाल झालं आहे आणि पापण्यांवर मृत्यूची काळोखी आली आहे (16:15-16). 'माझं शिंग' इथे 'कर्नी', म्हणजे तोच केरेन. आपल्याकडे एखाद्याला शिंगं फुटली म्हणजे तो माजला. हिब्रूत शिंग उंचावणं म्हणजे मान वाढणं, शमुवेलाची आई हन्ना आपल्या स्तोत्रात तेच म्हणते. तर एका जागी धुळीतलं शिंग आणि पापण्यांवरची काळोखी, आणि शेवटच्या अध्यायात शिंगभर सुरमा. शिंग तेच, डोळे तेच, काळिमाही आहे, फक्त आता हौसेनं घातलेला. सोळावा अध्याय काव्यात आहे, शेवट गद्यात, आणि दोन्ही एकाच हातचे नसावेत असं बरेच अभ्यासक मानतात. तेव्हा हे मी लेखकाच्या माथी मारत नाही. पण ग्रंथ आज जसा आपल्यासमोर आहे तसा वाचला तर हे नजरेआड करणं मला जमत नाही.

थोरल्या दोघींची नावं याच धाटणीची आहेत. यमीमा बहुधा कबुतर (अरबीत 'यमामा'), जरी ग्रीक-लॅटिनवाल्यांनी तिचा संबंध 'योम', म्हणजे दिवसाशी जोडला. कसीया ही दालचिनीच्या जातीची सुगंधी साल. आपल्याकडच्या कस्तुरी, केतकी, काजल या नावांच्या रांगेत दोघी सहज बसतील.

आणि एक. शेवटी ईयोबाला गमावलेलं दुप्पट परत मिळतं : मेंढरं 7000 ची 14,000 होतात, उंट 3000 चे 6000. मुलं मात्र पुन्हा सात मुलगे आणि तीन मुलीच. त्या सात मुलग्यांपैकी एकाचंही नाव दिलेलं नाही. मुलींची तिन्ही दिली आहेत, आणि बापानं त्यांना भावांबरोबर वतनात वाटा दिला हेही (42:15). मोशेच्या नियमात मुलगा नसेल तरच मुलीला वारसा मिळे, हे लक्षात घेता ही ओळ घाईत वाचू नये.

हे नाव आज कुणी पूर्ण ठेवत असेल असं वाटत नाही. नुसतं 'केरेन' मात्र इस्रायलमध्ये मुलींचं नेहमीचं नाव आहे. शब्दाला 'किरण' असाही अर्थ आहे, आणि नाव ठेवताना आईबापांच्या मनात बहुधा तोच असतो.