लिस्बनला तीन दिवस आहेत, तर पहिला दिवस बेलेमला द्या

तुमचा प्रश्न असा: आईवडिलांना घेऊन लिस्बनला येताय, हातात तीन दिवस आहेत, प्रसिद्ध ठिकाणं कोणती आणि ती कुठल्या क्रमाने पाहावीत.

मी या शहरात राहते, माहेर वसईचं. घरून कुणी आलं की मीच त्यांना हिंडवते, त्यामुळे माझं मत पक्कं झालंय: पहिला अख्खा दिवस बेलेमला, म्हणजे शहराच्या पश्चिमेकडच्या नदीकाठच्या भागाला द्या. टूरवाले तिथे दोन तास देतात. मनोऱ्यासमोर फोटो, हातात कस्टर्डचा टार्ट, की परत बसमध्ये. आपल्याकडून येणाऱ्या माणसाने तरी एवढ्यावर भागवू नये. या शहराचं वैभव ज्या पैशावर उभं राहिलं, त्यातला मोठा वाटा आपल्या समुद्राचा होता आणि बेलेमच्या दगडात तो उघड दिसतो.

काइश दु सोद्रे स्टेशनवरून लोकल घ्या किंवा १५ नंबरची ट्राम. लोकल घेतलीत तर फलक वाचून चढा, जलद गाड्या बेलेमला थांबत नाहीत. सोमवारी जाऊ नका, जेरोनिमोस मठ बंद असतो. तिकिटं ऑनलाइन काढून ठेवा आणि सकाळी उघडायच्या वेळीच पोचा. अकरानंतरची रांग आईवडिलांना उन्हात झेपणार नाही.

हा मठ राजा मॅन्युएल पहिला याने बांधायला घेतला. काम १५०१ च्या सुमारास सुरू झालं आणि जवळपास शंभर वर्षं चाललं. खर्च आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावरच्या करातून भागवला, म्हणजे मुख्यतः मिरी आणि इतर मसाल्यांतून. आतल्या चौकात शिरलात की खांब जवळून बघा. जहाजाचे दोरखंड, त्यांच्या गाठी, समुद्री वनस्पती, खगोलगोल, सगळं चुनखडीत कोरलंय. दोरखंडाचे पीळसुद्धा मोजता येतील इतकं बारीक काम आहे. बहुतेक लोक खांबाला टेकून सेल्फी काढतात आणि खांब न बघता निघून जातात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

चर्चमध्ये गेलात की लगेच डाव्या हाताला वास्को द गामाची कबर आहे आणि उजव्या हाताला महाकवी लुईश द कामोइंशची, जो काही वर्षं गोव्यात राहिला होता. दोन्ही कबरी एकोणिसाव्या शतकात घडवलेल्या आहेत. वास्को १५२४ मध्ये कोचीनला वारला. आधी तिथेच पुरला होता, मग अवशेष पोर्तुगालला आणले आणि १८८० मध्ये या चर्चमध्ये ठेवले. गर्दी इथेच थांबते. तुम्ही मात्र थेट पुढे, मुख्य वेदीपर्यंत जा. तिथे मॅन्युएल आणि त्याच्या वारसाच्या कबरी आहेत, आणि त्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत! युरोपातल्या राजाला शेवटच्या झोपेसाठी हत्तीचा आधार लागावा, इतका पूर्वेचा व्यापार या घराण्याच्या अंगात भिनला होता. माझ्या वडिलांनी ते हत्ती पाहिले आणि तिथून हलायलाच तयार नव्हते.

तिथून बाहेर पडून टार्ट खा. पाश्तेइश द बेलेम हे दुकान १८३७ पासून आहे. बाहेरची रांग पार्सलवाल्यांची असते; आत बसायला भरपूर जागा आहे, सरळ आत शिरा. वरून दालचिनी भुरभुरवून गरम खायचा. त्यात अंड्याचा बलक असतो, आईवडील अंडं खात नसतील तर आधीच सांगा.

मग भुयारी मार्गाने रेल्वेचे रूळ ओलांडून नदीकाठी या. समोर जहाजाच्या नाळेसारखं उंच स्मारक दिसेल, शोधसफरींचं स्मारक. हे जुनं नाही, सालाझारच्या हुकूमशाहीत १९६० मध्ये उभारलं. १९४० च्या प्रदर्शनासाठी केलेलं तात्पुरतं स्मारक होतं, त्याची ही पक्की आवृत्ती. पूर्वेकडच्या रांगेत वास्को आहे, गोवा जिंकणारा अल्बुकर्क आहे, आणि ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे ते संत फ्रान्सिस झेवियरही आहेत. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त झाला. साम्राज्य हातातून निसटत असताना त्याचा एवढा मोठा पुतळा का लागला असेल, हे त्या दोन तारखा शेजारी ठेवल्या की कळतं.

काठाकाठाने पश्चिमेला चालत गेलात की बेलेमचा मनोरा. अलीकडे तो डागडुजीसाठी बंद ठेवला होता, तेव्हा येण्याआधी चौकशी करा. पण आत जाता आलं नाही तरी हळहळू नका, कारण मला तुम्हाला जे दाखवायचंय ते बाहेर आहे. वायव्य कोपऱ्यातल्या टेहळणी बुरुजाच्या तळाशी नीट बघा, एका जनावराचं डोकं कोरलंय. पाचशे वर्षांच्या वाऱ्यापावसाने झिजलंय, तरी ओळखू येतं. तो गेंडा आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याने १५१४ मध्ये तो अल्बुकर्कला भेट पाठवला. अल्बुकर्कला दीवला किल्ला बांधायची परवानगी हवी होती; ती मिळाली नाही, गेंडा मिळाला. जानेवारी १५१५ मध्ये त्याने तो गोव्याहून जहाजात घालून राजाकडे रवाना केला. मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावायचं ठरवलं, तर हत्तीच पळून गेला. पुढे राजाने हा गेंडा पोपला नजराणा म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो मेला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याचं जे जगप्रसिद्ध चित्र केलं, ते गेंडा न पाहता, नुसत्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून. मनोऱ्याचं काम त्याच सुमारास चालू होतं, म्हणून तो तिथे दगडात राहिला. दुर्बीण असेल तर जरूर आणा.

दुसऱ्या दिवशी मधलं शहर. नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सिउ चौकापासून सुरुवात करा. इथे राजवाडा होता, आणि भारताचा सगळा व्यापार बघणारी कचेरी, ‘काझा दा इंडिया’, तीही इथेच होती. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी भूकंप झाला. सर्व संतांचा सण, चर्च भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी इमारती कोसळल्या, मग नदीतून त्सुनामीचं पाणी घुसलं, आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. त्यानंतर राजाचा मंत्री मार्केश द पोम्बाल याने हा भाग सरळ रेषेतल्या रस्त्यांचा बांधला. भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घातला, धक्का बसला तर इमारतीने थोडं हलावं पण पडू नये म्हणून. त्याची चाचणी घेण्यासाठी भोवती सैनिकांची कवायत करवली असं सांगतात.

भूकंपाने काय केलं ते बघायला वर कार्मुच्या मठात जा. चर्चच्या कमानी तशाच उभ्या आहेत, वर छप्पर नाही, आभाळ. वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्च ज्याने पाहिलीत, त्याला इथे परकं वाटणारच नाही. वसई चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतली आणि त्यानंतर सोळाच वर्षांनी खुद्द राजधानी अशी झाली. मठासमोरच्या चौकातही पाच मिनिटं बसा. २५ एप्रिल १९७४ ला इथल्याच छावणीत लपलेल्या पंतप्रधान कायतानोला सैनिकांनी वेढा घातला आणि हुकूमशाही संपली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये नव्या सरकारने करारावर सही करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. तोपर्यंत, म्हणजे तेरा वर्षं, लिस्बनच्या कागदावर गोवा पोर्तुगालचाच होता.

सांता जुश्ता लिफ्टच्या रांगेत उभं राहू नका. तिचा वरचा पूल कार्मुपाशीच येतो, दृश्य तिथूनही छान दिसतं. पिवळी २८ नंबरची ट्राम सुंदर आहे, पण उभ्याने चेंगरत जावं लागतं आणि खिसेकापू असतात. आईवडिलांना घेऊन जायचं तर भल्या सकाळी, पहिल्या थांब्यावरून, मार्तिम मोनिझहून चढा. टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यावर जायला प्रासा दा फिगेइरा चौकातून ७३७ नंबरची छोटी बस आहे, ती चढ वाचवते. उतरताना आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून या, पण पाऊस असेल तर नको. इथली दगडी फरसबंदी ओली झाली की भयंकर घसरते. बूट चांगल्या पकडीचे आणा.

तिसऱ्या दिवशी सगळे सिंत्राला, शहराबाहेरच्या राजवाड्यांच्या गावाला जातात. मी म्हणेन, एवढ्या कमी वेळात तो गाडीतला वेळ आणि तिथल्या रांगा टाळा आणि राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात जा. तिथे १५०६ सालचं बेलेमचं सोन्याचं पूजापात्र आहे. हे सोनं वास्कोने दुसऱ्या सफरीत पूर्व आफ्रिकेतल्या किल्वाच्या राजाकडून खंडणी म्हणून वसूल केलं होतं. त्याच सफरीत त्याने मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं. पात्रावरचे मीनाकारी केलेले इवलेसे प्रेषित गुडघे टेकून बसलेत, कारागिरी पाहून डोळे दिपतात. मी दोन्ही गोष्टी पाहुण्यांना एकत्रच सांगते आणि तुम्हीही आईवडिलांना सांगा, कारण संग्रहालयाच्या पाटीवर सोन्याचं मूळ वाचायला मिळतं, जहाजाचं नाही.

जेवणाची काळजी करू नका. मार्तिम मोनिझच्या आसपास भारतीय उपखंडातली भरपूर दुकानं आहेत, पीठ-डाळ-मसाला सगळं मिळतं. आणि साध्या कॅफेच्या काचेत टार्टच्या शेजारी तिकोनी समोसे दिसतील. इथे ते गोव्याच्या आणि मोझांबिकच्या लोकांबरोबर आले. बहुतेक मांसाचे असतात, तेव्हा विचारून घ्या.