नातवाला हायड्रोसील, आजोबांनाही

प्रश्न : माझ्या सात महिन्यांच्या मुलाचा उजवा अंडकोष फुगलेला असतो. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. हात लावला तरी तो रडत नाही. डॉक्टरांनी हायड्रोसील, म्हणजे अंडकोषात पाणी साठलंय असं सांगून थांबायचा सल्ला दिला. सासऱ्यांना हाच त्रास कित्येक वर्षं आहे. ते म्हणतात, सुईने पाणी काढून टाका. काय करावं?

उत्तर : सुई नको. बाळाला तर मुळीच नको.

गर्भात असताना वृषण पोटातून खाली अंडकोषात उतरतात आणि येताना पोटाच्या आतल्या अस्तराची एक नळी सोबत घेऊन येतात. ही नळी पुढे बुजते. बुजायची राहिली, तर पोटातलं पाणी तिच्यातून झिरपून वृषणाभोवती साठतं. दिवसभरात उतरलेलं पाणी रात्री आडवं झोपल्यावर वर जातं. तुम्ही लिहिलेला सकाळ-संध्याकाळचा फरक म्हणूनच महत्त्वाचा. नळी उघडी असल्याची ती खूण आहे. बहुतेक बाळांत ती वर्ष-दोन वर्षांत बंद होते. नाहीच झाली, तर जांघेत छोटा छेद घेऊन बांधतात. सुईने पाणी काढलं तरी वाट उघडीच राहते, शिवाय जंतुसंसर्गाची भीती.

त्याच वाटेने कधी आतडंही उतरतं, तो हर्निया. घरी टॉर्च लावून उजेड आरपार गेला की काहीजण निर्धास्त होतात. लहान बाळाच्या आतड्यातूनही उजेड जातो, तेव्हा त्यावर विसंबू नका. जांघेत कडक, न दबणारी गाठ, उलट्या, न थांबणारं रडणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

आता सासरे. त्यांच्या वयात सहसा नळीचा प्रश्न नसतो. वृषणाभोवतीच्या आवरणात पाणी तयार होतं तितकं शोषलं जात नाही. कारण बऱ्याचदा सापडत नाही. कधी जुना मार, संसर्ग किंवा हत्तीरोग असतो, क्वचित आत गाठ. म्हणून आधी सोनोग्राफी. सूज लहान असेल, त्रास नसेल, तर ऑपरेशनची घाई नाही. सुईने काढलेलं पाणी पुन्हा भरतं, हे मी पेशंटना सांगून थकलो. ऑपरेशननंतर काही आठवडे सूज राहते, ते फसलं असं समजू नये. पुरुष हे दुखणं धोतराआड, पँटीआड वर्षानुवर्षं लपवतात. सासरे निदान बोलले तरी. आता त्यांनाही तपासायला न्या.