तक्रार म्हणून पाठवलेले वहीचे पान

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेतून 71 टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली. नीटच्या दोन प्रयत्नांत मेडिकलला प्रवेश मिळण्याइतके गुण पडले नाहीत, म्हणून तिसऱ्या प्रयत्नासाठी तिला सांगलीत क्लास लावला आहे. मात्र ती रोज सकाळी चुलत्याच्या द्राक्षबागेत जाऊन पाने उलटून बघते आणि वहीत काहीतरी लिहीत बसते. बागांतील कीड-रोगांच्या पाहणीचे हेच काम पुढे करायचे म्हणते. पाने बघायला शिक्षण कशाला लागते? औषध कोणते मारायचे ते दुकानदार फुकट सांगतो. शिवाय मुलीने लोकांच्या रानात फिरणे बरे दिसत नाही. तिचे मन अभ्यासाकडे कसे वळवावे? पुरावा म्हणून वहीच्या एका पानाचा फोटो जोडला आहे. – एक पालक, तासगाव तालुका

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा ‘पुरावा’ या शब्दापाशी थांबलो. पुरावा गुन्ह्याचा देतात. मुलीचे गुण, क्लासची फी, भावकीतल्या कोणाची मुले डॉक्टर झाली, हे सारे तुम्ही सविस्तर लिहिले आहे. पण ती वहीत नेमके काय लिहिते, हे तुम्ही वाचलेले दिसत नाही. मी ते वाचले, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

पानावर वर लिहिले आहे : ‘छाटणीनंतर दिवस 38. फुलोरा. सकाळी 7.10, पानांवर दव.’ खाली ‘ओळ 4, वेल 9 – वर तेलकट पिवळा डाग, खालून पांढरी वाढ. वेल 10 – नाही. वेल 11 – नाही.’ आणि शेवटी ‘ओढ्याकडची कड – घड कागदावर झटकला, फुलकिडे 6.’ यातले दोन ‘नाही’ मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. रोग दिसला की नोंद कोणीही करतो; जिथे तो नाही तिथेही तशी नोंद करणारा माणूस खरोखर पाहणी करत असतो, कारण शंभर वेलींत नऊ की नव्वद हे त्या ‘नाही’वरूनच कळते. तिने दव असतानाची वेळ निवडली, कारण डाऊनी म्हणजे केवडा रोगाची पांढरी वाढ पानाच्या खालच्या बाजूला सकाळी स्पष्ट दिसते. ती ओढ्याकडच्या कडेलाही गेली, कारण कडेच्या ओळी आणि मधला प्लॉट सारखे नसतात. हे तिला कोणी शिकवले, हे तुम्ही लिहिलेले नाही. कोणीच शिकवले नसेल, तर तुमच्या घरात काय घडते आहे याची तुम्हाला कल्पना नाही, असे मला स्पष्टपणे म्हणावे लागेल.

दुकानदार फुकट सांगतो हा गैरसमज आपल्या भागात घरोघरी आहे. दुकानदार प्रामाणिक असला तरी त्याचा संसार बाटली खपण्यावर चालतो आणि तो सहसा काउंटरवर आणलेले एकच पान बघतो. मॅग्नेशियमची कमतरता, लाल कोळी ही कीड आणि डाऊनीचा पहिला डाग, तिन्ही लांबून पिवळेच दिसतात. फरक कळतो तो पान उलटून, दहापट मोठे दाखवणारे भिंग लावून आणि शेजारच्या वेली मोजून. आटपाडी-जतकडच्या डाळिंबावरचा तेल्या जिवाणूंमुळे होतो. तो बुरशीचा रोग समजून औषधे बदलत बसले तर हंगाम हातचा जातो. पाहणी करणाऱ्याचे काम औषध सुचवण्याच्या आधी सुरू होते : किडीची संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीपर्यंत (म्हणजे फवारणीच्या खर्चाहून नुकसान जास्त होईल इतकी) पोहोचली आहे का, मित्रकीटक किती आहेत, पुढच्या चार दिवसांत पाऊस आहे का, हे पाहून तो कित्येकदा ‘आज फवारू नका’ असे सांगतो. निर्यातीच्या द्राक्षाला या सल्ल्याची किंमत किती, हे तासगावच्या बागायतदाराला मी सांगायला नको. 2010 साली युरोपात आपली द्राक्षे क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे अडली. ते कीडनाशक नव्हते, वाढ नियंत्रक होते. पण बागेत काय, कधी आणि कशासाठी गेले याची नोंद नसली की काय होते, हे तेव्हा साऱ्यांनी पाहिले.

या कामाची उणी बाजूही सांगतो. काम हंगामी आहे, पहाटे उठावे लागते, नुकत्याच फवारलेल्या बागेत शिरण्याचा मोह टाळावा लागतो आणि पेन्शन नाही. निर्यातदार, जैविक कीडनियंत्रणाची उत्पादने करणाऱ्या कंपन्या आणि एकरी शुल्क घेणारे खासगी सल्लागार यांच्याकडे सुरुवातीचा पगार तुमच्या अपेक्षेपेक्षा कमी असू शकेल. शासनाचा क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षण प्रकल्पही 2009 पासून आधी पाहणी, मग सल्ला या तत्त्वावर चालत आला आहे. मात्र तेवढ्यावर कायम नोकरीची आशा बांधू नये.

मुलीने रानात फिरणे बरे दिसत नाही, हे वाक्य मला खटकले. तुमच्या भावाच्या बागेत विरळणीला आणि डिपिंगला, म्हणजे घड द्रावणात बुडवायला, कोण येते? त्या बायका दिवसभर मांडवाखाली हात वर करून उभ्या असतात आणि त्याबद्दल गावात कोणी काही बोलत नाही. मजुरी करणारी बाई चालते आणि वही घेतलेली मुलगी चालत नाही, याचा अर्थ तुम्हीच शोधावा.

मार्ग सरळ आहे : एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांची बी.एस्सी. कृषी पदवी (कराडचे शासकीय कृषी महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे) आणि पुढे कीटकशास्त्र किंवा वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. मुलीलाही एक निरोप द्या. फिजिक्स नको म्हणून ती बागेकडे वळत असेल तर तिने थांबून विचार करावा, कारण तिथेही संख्याशास्त्र, रसायनांचे गट आणि किडींची लांबलचक शास्त्रीय नावे सुटत नाहीत. नीटचा तिसरा प्रयत्न करायचा की नाही, हे तिला विचारून ठरवा. तुमच्या पत्रात तिचे स्वतःचे म्हणून एकही वाक्य नाही. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रालाही तिला एकदा घेऊन जा, आणि तिथे प्रश्न तिला विचारू द्या.

शेवटी, एक काम आजच करा. वेल 9 वरची नोंद तुमच्या भावाला दाखवली गेली आहे का, हे पत्रातून कळत नाही. फुलोऱ्यात डाऊनी घडावर उतरली तर घडच जातो. पत्र माझ्याकडे येईपर्यंत काही दिवस गेलेच आहेत; तेव्हा दोघांना चौथ्या ओळीत पाठवा, मुलीला वही घेऊन पुढे चालू द्या आणि शेजारच्या ओळींतली पाने खालून बघायला सांगा.